मांगरापर्यंत वाय-फाय : आधी तार, मग राउटर

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातील वाय-फायचा पल्ला वाढवण्याविषयी आलेला लेख वाचला. लेख सोप्या भाषेत होता आणि त्यातील बरीचशी माहिती बरोबरही होती. परंतु त्याचा सारा रोख भिंतीवरच्या सॉकेटात खोचायचा, राउटरचा संकेत ऐकून तोच पुढे पाठवणारा एक ‘रिपीटर’ विकत घ्यावा, म्हणजे काम झाले, असा होता. सदनिकेत राहणाऱ्या वाचकाचे तेवढ्याने भागत असेल. ज्यांच्या घरापासून गोठा, मांगर (शेतमाल ठेवायची घरापासून सुटी इमारत), पिठाची गिरणी किंवा पाहुण्यांची खोली अंगणापलीकडे आहे, त्या आमच्यासारख्यांचे त्याने भागत नाही, आणि या कामी वाया जाणारे पैसे मी स्वतः एकदा वाया घालवलेले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. मला सांगायचे ते थोडक्यात असे, की दोन इमारतींमधले अंतर हवेतून नव्हे, तारेतून पार करावे. आणि त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला जे यंत्र लागते, ते बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात आधीपासूनच धूळ खात पडलेले असते.

माझी सारी नोकरी दूरध्वनी केंद्रांत आणि टेलिफोनच्या खांबांवर गेली. तारेविषयी मला अंमळ जास्त जिव्हाळा आहे, हे आधीच कबूल करतो. मात्र पुढचे लिहिणे त्या जिव्हाळ्यातून आलेले नाही, कारण मीसुद्धा आधी रिपीटरच आणला होता.

आमचे घर कुडाळ तालुक्यात, जुन्या पद्धतीचे आहे. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, फूटभराहून जाड, आतून-बाहेरून गिलावा केलेल्या. घरामागे खळे, खळ्याच्या कडेला दोन फणस आणि माडांची एक रांग, आणि त्यापलीकडे मांगर. घराच्या मागच्या भिंतीपासून मांगराच्या दारापर्यंतचे अंतर टेप लावून मोजले तेव्हा ४२ मीटर भरले. या मांगरात पूर्वी सुके नारळ, काजूच्या बिया आणि पावसाळ्याची लाकडे असत. २०२० साली मुलगा आणि सून पुण्याहून घरी आले आणि परत जाण्याची त्यांना घाई नाही असे दिसल्यावर मांगराला फरशी आणि खिडक्या झाल्या, पत्र्यांखाली लाकडी तक्तपोशी झाली, आणि सुनेने तिथे आपले कार्यालय थाटले. इंटरनेटची पेटी, म्हणजे घरचा राउटर, मात्र घराच्या पुढच्या पडवीत, म्हणजे मांगरापासून जितकी लांब बसवता येईल तितकी लांब बसली होती. कारण खांब रस्त्याच्या बाजूला होता आणि जोडणीसाठी आलेल्या मुलाजवळ तेवढीच तार शिल्लक होती.

मोबाइलच्या पडद्यावर वाय-फायच्या ज्या तीन-चार वक्र रेषा दिसतात त्यांवरून फारसे काही कळत नाही. संकेताची खरी शक्ती डीबीएम या एककात मोजतात, आणि ती दाखवणारी फुकट ॲप्स मोबाइलवर मिळतात. आकडे वजा असतात. राउटरच्या पुढ्यात उभे राहिल्यास वजा ३० ते वजा ४०, व्हिडिओवरची बैठक न अडखळता चालायची असेल तर साधारण वजा ६७ पर्यंत, आणि वजा ८० च्या खाली गेल्यास नावापुरती जोडणी. यात १० चा फरक म्हणजे शक्ती एकदम दहाव्या हिश्शावर येणे, हे लक्षात घेतले पाहिजे. वजा ६७ आणि वजा ८७ हे आकडे जवळचे वाटले तरी दुसऱ्या ठिकाणी पोचणारी शक्ती पहिल्याच्या शंभरावा भाग असते. मे महिन्यात आमच्या मांगराच्या दारात वजा ८४ मिळत होते आणि आत टेबलाशी वजा ८८. जुलैत दारातसुद्धा काही मिळेना. सुनेला वाटले राउटर बिघडला. राउटर ठीक होता. जांभा हा सच्छिद्र दगड पावसाचे पाणी पिऊन बसला होता, फणसाची पाने भिजून निथळत होती, आणि वाय-फायच्या लहरी शोषून घेण्यात पाण्याचा हातखंडा असतो. राउटर ज्या दोन पट्ट्यांत बोलतो त्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते आणि भिंतींपुढे लवकर हात टेकते. ती तर घराच्या मागच्या दाराबाहेर कधी पडलीच नव्हती. २.४ गिगाहर्ट्‌झची साडेबारा सेंटिमीटरची लहर थोडी चिवट, म्हणून मांगरापर्यंत धडपडत पोचत होती. त्यातच मांगराच्या खिडक्यांना उंदीर-घुशींसाठी बसवलेली बारीक लोखंडी जाळी. जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली, की लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे जवळजवळ पत्राच.

अशा परिस्थितीत मी तालुक्याच्या गावी जाऊन रिपीटर आणला आणि मांगरात लावला. लावताच मोबाइलवर सगळ्या रेषा भरल्या आणि घरात आनंद झाला. दहा मिनिटांनी बैठक पुन्हा तुटली. झाले होते ते असे, की भरलेल्या रेषा मोबाइल आणि रिपीटर यांच्यामधल्या चार हातांच्या होत्या. रिपीटरला स्वतःला घरातून मिळत होते ते तेच वजा ८८. आपल्यालाच नीट ऐकू न येणारा निरोप मोठ्या आवाजात पुढे सांगणाऱ्या माणसासारखी त्याची गत होती. मग मी तो मागच्या पडवीच्या खिडकीत आणून ठेवला. तिथे त्याला घराचा संकेत बरा मिळू लागला, पण मांगराकडे जाणारा त्याचा आवाज त्याच फणसांतून आणि त्याच भिंतीतून जायचा होता. शिवाय साध्या रिपीटरला एकच रेडिओ असतो. त्याच वाहिनीवर एकदा ऐकायचे आणि तेच पुन्हा बोलायचे, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग फार तर निम्मा उरतो. दोन रेडिओंचे महाग रिपीटर हा दोष टाळतात. ओल्या भिंतीचा दोष कुणीही टाळत नाही. तो रिपीटर आता माझ्या मेहुण्याच्या सदनिकेत आहे आणि तिथे उत्तम चालतो, हेही नमूद केले पाहिजे.

आता कपाटातल्या राउटरविषयी. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची ब्रॉडबँड जोडणी जाऊन घरोघर फायबर, म्हणजे काचेची तार, आले, आणि ज्यांनी जुना मोडेम-राउटर स्वतः विकत घेतला होता त्यांच्याकडे तो तसाच राहिला. त्याच्या पाठीमागे टेलिफोनची तार लावायचे एक लहान भोक आणि शेजारी चार मोठी भोके असतात. लहान भोकाचे दिवस संपले. पण ती चार मोठी भोके आणि आतला वाय-फायचा रेडिओ यांना काहीही झालेले नसते. राउटर या एका डब्यात खरे तर तीन-चार नोकर राहतात: एक बाहेरच्या इंटरनेटशी व्यवहार करतो, एक घरातल्या प्रत्येक मोबाइलला आणि संगणकाला क्रमांक वाटतो, एक तारांची देवघेव करतो आणि एक हवेत बोलतो. मांगरात आपल्याला यांपैकी शेवटचे दोनच हवे आहेत. पहिले दोन घरच्या पेटीत कामावर आहेतच. त्यांचे जोडीदार मांगरात उभे केले तर भांडणे होतात. जुन्या राउटरची मांडणी करायची म्हणजे त्यातल्या दोन नोकरांना सुट्टी द्यायची, इतकेच काम आहे.

ते असे करतात. जुन्या राउटरच्या पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरली की तो कोरा होतो. मग त्याला घरच्या पेटीशी मुळीच न जोडता फक्त एका संगणकाला तारेने जोडावे, आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता घालून त्याचे पान उघडावे. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. पहिले काम पत्ता बदलण्याचे. घरच्या पेटीचा पत्ताही पुष्कळदा हाच असतो आणि एका जाळ्यात एकाच पत्त्याची दोन घरे चालत नाहीत. मी घरची पेटी १९२.१६८.१.१ वर ठेवली आणि मांगरातल्याला १९२.१६८.१.२ दिला, घरची पेटी ज्या क्रमांकांचे वाटप करते त्या पट्ट्यात हा क्रमांक येत नाही, एवढे आधी पाहून घेतले. दुसरे काम ‘डीएचसीपी’ या नावापुढची खूण काढण्याचे. क्रमांक वाटणारा तो हाच. तिसरे काम वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि वाहिनी ठरवण्याचे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. घरात १ असेल तर मांगरात ११ ठेवावी. हे सारे जतन करून झाल्यावर घराकडून आलेली तार राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या चार भोकांपैकी कोणत्याही एकात लावावी. ‘वॅन’ असे लिहिलेले वेगळ्या रंगाचे भोक असेल तर ते रिकामे ठेवावे, कारण तिथे तार लावली की सुट्टीवर पाठवलेला पहिला नोकर पुन्हा कामावर येतो आणि मग मांगरातला संगणक घरातल्या प्रिंटरला ओळख देत नाही. अलीकडच्या काही राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ अशी एकच खूण असते. ती केली की ही सगळी कामे आपोआप होतात आणि वॅनचे भोकही चालते.

नावाविषयी मतभेद आहेत. माझे मत घरात आणि मांगरात एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवावा असे आहे. एका नावाने मोबाइल कधी कधी दूरच्या, क्षीण झालेल्या राउटरलाच चिकटून राहतो, ही तक्रार खरी आहे. पण चिऱ्यांच्या भिंतीचा इथे फायदाच होतो, कारण खळ्याच्या मध्यावर घरचा संकेत इतका गळून पडतो की मोबाइलला दुसरीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

डीएचसीपीची खूण काढताना माझ्याकडून जी चूक झाली ती सांगतो, कारण ती पुष्कळांकडून होत असावी. मी खूण काढली, पण पानाच्या अगदी तळाशी असलेले जतन करण्याचे बटण दाबायचे राहिले. तार जोडली, सगळे सुरळीत दिसले, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घरातले एकेक यंत्र ‘वाय-फाय आहे, इंटरनेट नाही’ असे सांगू लागले. जुना राउटर घरातल्या यंत्रांनाही क्रमांक वाटत होता आणि बाहेरची वाट विचारणाऱ्याला स्वतःचे नाव सांगत होता. त्याच्याकडे बाहेरची वाट नव्हतीच. दोष मांगरात आणि लक्षणे घरात, त्यामुळे मी दोन तास घरच्या पेटीशीच झटापट करत बसलो. आमच्या सौभाग्यवतींची मालिका त्या दिवशी बुडाली आणि तिचा उल्लेख अजून होतो. घरातले इंटरनेट असे अचानक बसले तर आधी मांगरातली तार काढून पाहावी.

आता तारेचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्यावर लेखात एक ओळही नव्हती. इथरनेटची तांब्याची केबल एका पट्ट्यात १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे ४२ मीटर हे काही अंतर नव्हे. अशी केबल घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते आणि ती स्वस्त असते. ती वाकवताना मोडते, टोकाला लवकर गंजते आणि लांब पल्ल्यावर दगा देते, म्हणून निव्वळ तांब्याचीच घ्यावी. मुलाम्याच्या केबलचे टोक थोडे खरवडून पाहिले तर आतला पांढरा रंग लगेच दिसतो. दुसरे म्हणजे बाहेर ओढायची केबल काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या आवरणाचीच हवी. घरातली करड्या रंगाची केबल आमच्याकडच्या उन्हात तडकते आणि पहिल्याच पावसात पाणी पिते.

हे सगळे माहीत असून मी तांब्याची केबल ओढली नाही. खळ्यात उभा राहून अंतर मोजत असताना शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, विचारले आणि ऐकून म्हणाले, “तांब्याची तार ओढलात तर ईज घरात येतली.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दूरध्वनी केंद्रात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीवर विजेपासून संरक्षण करणारी नळी बसवलेली असे, आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात किंवा ऑक्टोबरमध्ये एकेका संध्याकाळी त्या नळ्या डझनावारी बदलताना मी पाहिले आहे; ग्राहकाच्या घरातला टेलिफोन तर काळा पडून भिंतीवरून खाली आलेला असे. वीज तारेवरच पडली पाहिजे असेही नाही. जवळपास माडावर पडली तरी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहामुळे घराच्या अर्थिंगची आणि मांगराच्या अर्थिंगची पातळी क्षणभर वेगवेगळी होते, आणि त्या दोहोंना जोडणारी तांब्याची तार असेल तर तो फरक भरून काढणारा प्रवाह तिच्यातूनच धावतो. वाटेत येणारे राउटर, संगणक आणि पेटी त्याला किती टिकणार! एकाच इमारतीत तांबे वापरावे. दोन इमारतींमध्ये, निदान कोकणात आणि घाटमाथ्यावर, काच वापरावी.

काच म्हणजे फायबर. ही आता दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. घरोघर जोडणी देणारे जी बारीक काळी तार वापरतात तीच मीटरवर मिळते आणि तांब्याच्या चांगल्या केबलपेक्षा महाग पडत नाही. तिच्या दोन टोकांना ‘मीडिया कन्व्हर्टर’ नावाच्या दोन डब्या लागतात, ज्या एका बाजूने काच आणि दुसऱ्या बाजूने नेहमीची इथरनेटची तार घेतात. एकाच धाग्यावरून जा-ये करायची असल्याने या डब्या जोडीनेच घ्याव्या लागतात. एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशात बोलते आणि १५५० मध्ये ऐकते, दुसरी याच्या उलट. दोन सारख्याच आणल्या तर दोघी एकाच रंगात बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. जमीन कातळाची असल्यामुळे खणणे शक्य नव्हते. म्हणून शेतीच्या पाण्यासाठी वापरतात ती काळी नळी गडग्याच्या आतल्या अंगाने नेली आणि फायबर तिच्यातून ओवले. उंदरांची दृष्टी पडू नये म्हणून दोन्ही तोंडे सिमेंटने बुजवली. फायबर दोरीसारखे घट्ट गुंडाळू नये, कोपऱ्यात निदान पेल्याच्या घेराएवढे वळण द्यावे, नाहीतर प्रकाश वळणातूनच गळतो.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. या काळ्या तारेत काचेच्या धाग्याबरोबर ताण घेण्यासाठी पुष्कळदा पोलादी तारा असतात. त्या तशाच घरात नेल्या, तर विजेला टाळण्यासाठी काच आणली आणि तिच्या हातात पोलादाची काठी दिली असे होते. त्या तारा दोन्ही भिंतींच्या बाहेरच कापून टाकाव्यात. दुसरी गोष्ट टोकाच्या खटक्यांची, म्हणजे कनेक्टरांची. जोडणीवाल्या मुलाने आपल्या मशीनवर मला दोन्ही टोके करून दिली, ती त्याच्या सवयीची, म्हणजे हिरव्या रंगाची. माझ्या डब्यांची भोके निळी होती. हिरवा खटका निळ्या भोकात बसतो, ‘टक्’ असा आवाजही येतो, पण हिरव्याचे आतले टोक आठ अंशांनी तिरके तासलेले असते आणि निळ्याचे सरळ. दोहोंमध्ये फट राहते. डबीवरचा जोडणी दाखवणारा दिवा कधी लागे, कधी विझे. दोन दिवस मी डब्यांना दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून खटका दिव्याखाली धरला तेव्हा रंग दिसला. निळी टोके करून घेतल्यापासून मांगरातला तो दिवा एकसारखा लागलेला आहे.

एवढे करून मांगरात टेबलाशी वजा ४५ मिळते, पावसातही. जुना राउटर सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरचे काही पुढे देऊ शकत नाही आणि त्याच्या वाय-फायवर प्रत्यक्षात ३५-४० मेगाबिट हाती येतात. व्हिडिओवरच्या बैठकीला तीन-चार पुरतात. ज्यांना जास्त हवे त्यांनी संगणक सरळ तारेने राउटरच्या उरलेल्या भोकात लावावा. वीजपुरवठा खंडित झाला की मात्र घरची पेटी, दोन्ही डब्या आणि मांगरातला राउटर या चारही गोष्टी चालू राहाव्या लागतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी राउटरसाठी मिळणारे छोटे बॅटरीचे खोके बसवले. राउटर तक्तपोशीच्या खाली, हवेशीर जागी ठेवला आहे. आधी तो वर पत्र्यालगत होता, तिथे मे महिन्यात त्याला हात लावणे कठीण झाले आणि त्याच्या उबेला आलेल्या पालीने आत अंडी घातली होती. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की अडॅप्टर काढून ठेवण्याला पर्याय नाही. काचेने एक दार बंद केले तरी विजेच्या मीटरकडून येणारे दार उघडेच असते.

जिथे मध्ये सार्वजनिक रस्ता किंवा दुसऱ्याची जमीन आहे, तिथे तार नेता येत नाही. तिथेच हवेचा मार्ग घ्यावा, आणि तोही दोन्ही इमारतींच्या बाहेरच्या अंगाला, एकमेकांना दिसतील अशी दोन दिशादर्शी उपकरणे लावून. भिंती आणि झाडे यांतून नव्हे. काही दुकानांत ‘बूस्टर’ म्हणून राउटरची शक्ती अनेक पटींनी वाढवणारी यंत्रे विकतात, त्यांच्या नादी लागू नये. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवान्यातून मुक्त झाला, तो ठरावीक शक्तीच्या मर्यादेत. शिवाय राउटर मोठ्याने ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, आणि संभाषणाला दोघे लागतात.

जुने यंत्र पुन्हा वापरताना सुरक्षिततेचा विचार सोडता येत नाही. घरच्या पेटीच्या मागे बसलेला राउटर इंटरनेटला थेट सामोरा नसतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तरीही त्याच्या पानाचा मूळचा, तळाला छापलेला पासवर्ड बदलावा, संरक्षणाच्या यादीतून डब्ल्यूपीए-२ निवडावे, आणि बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी, कारण तिच्यातील दोष २०११ पासून जाहीर आहे. ज्या यंत्रात फक्त डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फोडता येणारी पद्धत आहे ते मात्र खुशाल भंगारात द्यावे. मांगरातले वाय-फाय पाहुण्यांसाठी उघडे ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. २००८ साली अहमदाबादेतील स्फोटांच्या वेळी पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता आणि त्या घरच्या माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

शेवटी एक मागणी, जी आपल्या वृत्तपत्राने उचलून धरावी अशी विनंती आहे. माझा जुना राउटर मी स्वतः दुकानातून घेतलेला होता म्हणून हे जमले. माझ्या एका भाच्याने आपली जोडणी बंद केल्यावर त्याच्याकडे राहिलेली पेटी मांगरासाठी आणून दिली होती, तिचे पूर्ण पैसे त्याने भरले होते, पण तिच्या पानाचा मुख्य पासवर्ड कंपनीने आपल्याकडेच ठेवलेला. डीएचसीपीची खूण दिसते, पण ती काढता येत नाही. कोरी केली तरी ती पुन्हा कंपनीच्याच मांडणीवर येते. सेवा केंद्राला तीनदा फोन केल्यावर ‘नवीन जोडणी घ्या’ हे उत्तर मिळाले. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत राउटरही आहेत. उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकणाऱ्या व्यवस्थेत, चालू स्थितीतले यंत्र केवळ एका पासवर्डपायी कचरा व्हावे, हे विसंगत आहे. पेटी भाड्याची असेल तर कंपनीने ती परत न्यावी. ग्राहकाने तिचे पैसे भरले असतील, तर जोडणी बंद करतानाच तिचा मुख्य पासवर्ड लेखी द्यावा आणि तशी अट सेवा देण्याच्या नियमांतच असावी. भाच्याची ती पेटी सध्या माझ्या कपाटात आहे. पासवर्ड मिळाला तर ती गोठ्याशेजारच्या पंपघरात बसवण्याचा विचार आहे, नळी तिथपर्यंत मी नेऊन ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग